माळवदातली तीनशे वर्षं

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. पुण्याहून एक संशोधक बाई अणदुरात आल्या आणि गावाबाहेरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड खणायला लागल्या. उतरल्या आमच्याच घरी. मी नवी सून, माझा तर हर्ष गगनात मावेना!

पण आठवड्यात बाई रडकुंडीला आल्या. "वहिनी, खाली हजार वर्षांपूर्वीचं सापडतंय, पण अलीकडची तीनशे वर्षं गायबच आहेत. आजचं जग कसं घडलं ते त्यातच कळतं, मला तीच हवीत. परवा तर परत जायचंय."

मला हसू आवरेना. बाई चिडल्याच.

मी म्हणाले, "अवो, चोरी आमीच केलीया! दरसाल पावसाळ्याआधी तिथली पांढरी माती आणून आमी माळवदावर अंथरतो, घर गळू नये म्हणून. तुमची तीनशे वर्षं आमच्या डोक्यावर हायत!"

बाईंनी पदर खोचला आणि तडक शिडी चढल्या. म्हणाल्या, "टेकाडाच्या माथ्यावरची, अलीकडची माती आधी आली, म्हणजे ती इथं तळाशी. पार तुळईपर्यंत उकरावं लागेल."

झालं! सासूबाई तरातरा वर आल्या. "येड लागलंय का? मिरग तोंडावर आलाय! घर गळलं म्हंजी?"

"आत्याबाई, एकच कोपरा," मी हट्टाला पेटले. त्या ऐकतील तर शपथ!

तेवढ्यात बाई हळूच बोलल्या, "तुमची मिरचीसुद्धा परकी. तंबाखू आणि मिरची, दोन्ही अमेरिकेहून जहाजानं आल्या. त्याची खूण याच मातीत असेल."

"मिरची? आमची मिरची? आण गं खुरपं! बघतेच कोण परकं ते!"

आणि सासूबाई स्वतः उकरायला बसल्या! मिरची कसली सापडतीय, पण तुळईजवळ चिलमीचा तुकडा निघाला, हिरव्या बाटलीची काच निघाली, मग निळ्या फुलांचं चिनी मातीचं खापर. बाई ओरडल्या, "हे चीनचं! गलबतातून बंदरावर, तिथून बैलाच्या पाठीवर इथवर!" आम्ही तिघी मातीनं माखून येड्यासारख्या हसत होतो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

बाई पेटीभर तुकडे घेऊन गेल्या. पावसात तो कोपरा गळलाच. सासूबाईंनी खाली पातेलं ठेवलं. शेजारीण हळहळली, तशा त्या फटकन म्हणाल्या, "गळू दे! चीनचा माल आमच्या डोक्यावर येऊन बसला हुता, आन् तू थेंबभर पाण्याचं काय घेऊन बसलीस!"