सर्व्हरच्या वाट्याचा एसी

मे महिन्यात आमच्या वाचनालयातल्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि सचिवांनी फर्मान काढलं, अभ्यासिकेतला एसी काढून तिथे लावा. अभ्यासिकेत तेव्हा चाळीसेक पोरं परीक्षेची तयारी करत होती. आसपासच्या कन्हान, कळमेश्वरहून येणारी. घरावर टिनाचं छत, म्हणून तर ती दिवसभर आमच्याकडे बसायची.

मी तिथली ग्रंथपाल. माझं डोकंच फिरलं.

"सर्व्हरले थंडं पाह्यजे, मॅडम," सचिव म्हणाले. "पोरं बसतीन पंख्याखाली."

"पोरायनं काहून भाजून घ्यावं, साहेब? आठ दिवस द्या मले."

त्या आडदांड मशीनला दिवसभर काम तरी काय होतं? अमुक पुस्तक आहे का, कोणाकडे आहे, कधी परत येईल. एवढ्यासाठी ते खोली तापवायचं आणि त्याला गार ठेवायला आणखी वीज जाळायची. मी मोबाईलमध्ये असतात तसल्या प्रोसेसरचे, तळहातावर मावणारे तीन बोर्ड मागवले. वीज नावापुरती लागते, एसी लागतच नाही. पुस्तकांची यादी एकावर, देवघेव दुसऱ्यावर, तिसरा अडीअडचणीला. तिन्ही माझ्या टेबलामागच्या कपाटावर ठेवले.

आठव्या दिवशी सचिव आले. "हे खेळणं आणलं काय? याच्यानं वाचनालय चालन?"

मी त्यांच्यासमोर मोठा सर्व्हर बंद केला. मग अभ्यासिकेत जाऊन सांगितलं, सगळ्यांनी मोबाईल काढा आणि एकदम पुस्तकं शोधा. चाळीस जणांना उत्तरं मिळाली. बोर्ड हूं की चूं न करता चालत राहिले. वार्षिक अहवाल काढायला मात्र त्यांनी जुन्या मशीनपेक्षा बराच वेळ घेतला. मी ते लपवलं नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या कागदासाठी पोरांना रोज उकाड्यात बसवणार नाही, एवढं ठणकावून सांगितलं.

"पाहू," सचिव म्हणाले आणि निघून गेले.

मी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पोरांचा एसी जागेवर राहिला. सर्व्हर रूम रिकामी केली, कायम बंद असलेली खिडकी उघडून तिथे कूलर बसवला. ओलाव्याने मशीन बिघडेल म्हणून त्या खोलीत कूलर चालत नव्हता. अभ्यासिकेतल्या पोरींना चालतो. सहा टेबलं टाकली, सहाजणी बसतात.

दारावर 'सर्व्हर रूम, आत येण्यास मनाई' ही पाटी अजून आहे. सचिव तिकडे वळले की मी ती बोटाने दाखवते.