सतरावा मुद्दा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि — हसू नका — फादरलासुद्धा नाही. इतकी वर्षं दर शुक्रवारी ऊद मेथाच्या चर्चमध्ये मिस्साला गेले. दुबईत आमचा रविवार शुक्रवारीच साजरा व्हायचा. दर नाताळाआधी कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले. गुडघे टेकून काय सांगितलं? मुलीवर ओरडले, सासूशी फोनवर तुसडेपणानं बोलले, उपासाच्या दिवशी मटण चाखलं. देवालाही कंटाळा आला असेल ऐकून. आणि जे सांगायचं ते घशाशी यायचं, मी गिळायचे, आणि प्रायश्चित्ताच्या तीन हेल मेरी प्रार्थना म्हणून घरी यायचे.

आज सांगते. चिडून सांगते आहे, तेव्हा गोड ऐकायला मिळणार नाही.

चीड कुणावर? पहिल्यांदा मला वाटायचं, मिस्टर कीथवर. गोऱ्या साहेबावर चिडणं किती सोपं असतं, नाही?

मी फिलोमिना, वसईची. नव्वदच्या सुमारास नवऱ्याच्या मागोमाग दुबईला आले आणि बर दुबई भागातल्या एका ब्रिटिश माणसाच्या ऑफिसात सेक्रेटरी लागले. तेव्हा दर महिन्याला एक नवीन हॉटेल उभं राहतंय असं वाटायचं. त्या हॉटेलांच्या बाथरूमचे नळ, शॉवर, टाइल्स चीनमधून मागवून द्यायच्या, हा आमचा धंदा. मिस्टर कीथ त्याचे मालक. बारा वर्षं हाँगकाँगला राहिलेले, म्हणून दुबईतले सगळे गोरे त्यांना 'चायना एक्सपर्ट' म्हणायचे. चिनी भाषेतला एक शब्द या माणसाला येत नव्हता. एक! बारा वर्षांत आमच्या वसईचं मांजरसुद्धा म्याव म्याव सोडून काहीतरी शिकलं असतं.

पण भाषण काय द्यायचे! इंग्लंडहून, ऑस्ट्रेलियाहून, अमेरिकेहून नवीन मॅनेजर आले की त्यांना आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसवून अर्धा दिवस 'चिनी माणूस ओळखावा कसा' शिकवायचे. चिनी माणूस हो म्हणाला तर समजा नाही. गप्प बसला तर भाव वाढवणार. हसला तर काहीतरी लपवतोय. समोरचे माना डोलावून लिहून घ्यायचे. मी सँडविचच्या प्लेटा आत नेऊन ठेवायचे आणि भिंतीशी उभी राहायचे. आमच्या ऑफिसात 'एक्स्पॅट' हा शब्दही फक्त त्यांच्यापुरता होता. परदेशी सगळेच होतो ना हो? पण ते एक्स्पॅट, आम्ही स्टाफ.

आणि पलीकडच्या खोलीत, हे भाषण चालू असताना, लिन फोनवर असायची.

लिन. चिनी कारखान्यांशी खरं बोलणं तीच करायची. मिस्टर कीथचा सगळा 'एक्सपर्ट'पणा त्या बुटक्या बाईच्या घशावर चालला होता. माझ्याच वयाची. काचेच्या बरणीत चहाची पानं टाकून दिवसभर तेच कोमट पाणी प्यायची. टेबलावरच्या काचेखाली तिच्या मुलीचा फोटो. मुलगी तिकडे चीनमध्ये आजीकडे, आणि चार वर्षांत लिन तिला दोनदा भेटली होती.

आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. तिच्या देशातही कुणी भेटलं की 'जेवलात का' असंच विचारतात, हे तिनं सांगितलं तेव्हा मी चाटच पडले. मग मी तिला आमचं शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी, नऊ वाजता, मी पर्स खाली ठेवते न ठेवते तोच — "जेवलीस?" अगं नऊ वाजता कोण जेवतं? पण ऐकायला बरं वाटायचं. गावाहून परत आले की मी ऑफिसात सुकेळी वाटायचे, आमची वसईची वाळवलेली केळी. लिनला डबा भरून द्यायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हेही मीच तिला सांगितलं. तिनं ते कधी मोडलं नाही. शेंगदाणे, लिमलेटच्या गोळ्या, काही ना काही घालूनच डबा परत यायचा.

तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? थांबा. सांगते आहे ना.

त्या वर्षी मिस्टर कीथनी लिनच्या व्हिसावर तिच्या मुलीला दुबईला आणायला हो म्हटलं होतं. सप्टेंबरात मुलगी येणार. शाळेचा फॉर्म मी आणि लिननं जेवणाच्या सुट्टीत मिळून भरला. तिचं इंग्लिश कामापुरतं, म्हणून लिहिलं सगळं मी. 'आईचं नाव' या रकान्यापाशी ती आनंदानं इतकी हसली की बरणीतला चहा सांडला.

त्याआधी जानेवारीत — की फेब्रुवारी असेल — त्यांचं नवीन वर्ष होतं. लिननं ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन संत्री ठेवली, लाल कागदात गुंडाळून. आणि त्याच आठवड्यात मिस्टर कीथ तिला एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर खाडीकाठच्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. मला नाही. सात वर्षं यांची पत्रं टाईप केली, यांच्या बायकोचा वाढदिवस मी लक्षात ठेवला, आणि जेवायला कोण? लिन! माझा जळफळाट झाला. दुसरा शब्द नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर कीथनी मला आत बोलावलं. भाषणाची पुस्तिका छापायची होती, निळ्या कव्हरची, स्पायरल बाइंडिंगची. सोळा मुद्दे झाले होते. म्हणाले, "फिल, तू आशियाई आहेस. पुस्तकात सापडणार नाही असं काहीतरी सांग." आणि खुर्चीकडे हात केला.

खुर्ची! सात वर्षांत त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. आता तुम्हीच सांगा, वसईच्या बाईला चीनचं काय ठाऊक? जेवढं कीथला तेवढंच मला. पण हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागली नाही. टेबलावर त्यांचीही दोन संत्री पडली होती, लाल कागदात. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, सर, चिनी माणूस जोडीनं फळ देतो ना, तेव्हा त्यानं दुसऱ्या बाजूकडून आधीच काहीतरी घेतलेलं असतं. आपण डोळे मिटावेत म्हणून फळ.

कुठून आलं हे? कुठून नाही. माझ्या डोक्यातून, माझ्या जळक्या पोटातून. आणि हे बोलणारी कोण? माझ्या व्हिसाची सही अडली होती तेव्हा याच साहेबाच्या टेबलावर किलोभर सुकेळी नेऊन ठेवणारी मी!

मिस्टर कीथ "ब्रिलियंट!" म्हणाले. सतरावा मुद्दा. खाली बारीक अक्षरात — 'एका जाणकार आशियाई सहकाऱ्याच्या मते'. मीच टाईप केलं. एक प्रत घरी नेली आणि नवऱ्याला बोटानं ती ओळ दाखवली. अभिमान वाटला हो मला. तो म्हणाला, वा!

पुढे जूनमध्ये नळांचं लफडं झालं. एका हॉटेलाचे चारशे नळ सहा महिन्यांत गळायला लागले. ते गळणारच होते. मिस्टर कीथनी भाव इतका पाडला होता की लिननं त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं, या भावात पितळ पातळ येईल, घेऊ नका. माझ्या शॉर्टहँडच्या वहीत ते होतं. पण गिऱ्हाइकाचे दोन गोरे मॅनेजर तावातावानं येऊन बसले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं होतं. कीथच्या तर फुटणार नव्हतं.

मी वही घेऊन कोपऱ्यात होते. त्या दोघांतला एक म्हणाला, तुमच्या पुस्तिकेत ते फळांचं काहीतरी होतं ना — तुमच्या त्या चिनी बाईनं दिली होती का फळं? आणि मिस्टर कीथ माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू. म्हणाले, "फिलला विचारा. तिला या लोकांची माहिती आहे. फिल, दिली होती ना?"

एवढंच म्हणायचं होतं — सर, ते मी बनवून सांगितलं होतं. तेवढ्यानं भागलं असतं. नाहीतर वहीचं पान उलटून पितळेचं वाक्य वाचून दाखवायचं. तेही नको तर निदान गप्प बसायचं! गप्प बसणारे भित्रे असतात, त्यांना माफी असते म्हणे. मी गप्पही बसले नाही.

"येस सर," मी म्हटलं. "जोडीनं."

त्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, आणि खलास. लिननं कारखान्याकडून कमिशन खाल्लं, हे ठरलं. पुरावा? दोन संत्री. तिला खोलीत बोलावलंसुद्धा नाही. व्हिसा कॅन्सल करायचं पत्र मी टाईप केलं. सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा आमचा मल्याळी माणूस तिचा पासपोर्ट घेऊन गेला, आणि त्यावर बॅनचा शिक्का बसला — म्हणजे लगेच दुसरी नोकरी धरूनही परत यायची सोय नाही. शाळेचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. फी भरायची राहिली होती, म्हणून पाठवला नव्हता.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. आदल्या आठवड्यात नेलेला डबा तिच्याकडे राहिला होता. घासूनपुसून आणला होता. तो ठेवला, आणि विचारलं, "जेवलीस?"

मी हो म्हटलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, माझ्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. खरं बोलायला कुठल्या प्रश्नावर जमणार होतं मला?

डबा घरी उघडला. आत दोन संत्री. लाल कागद नव्हता, साधी, खालच्या सुपरमार्केटमधली, स्टिकर लावलेली. तिला कळलं होतं का? कुणी पुस्तिका दाखवली होती? की रिकामा डबा देऊ नये म्हणून, हाताला लागलं ते घातलं? मला आजवर ठाऊक नाही. मी ती संत्री बिल्डिंगच्या शूटमध्ये, कचरा खाली सोडायच्या नळीत, टाकली. आठ मजले खाली जाईपर्यंतचा आवाज ऐकत उभी होते. नवऱ्यानं विचारलं, काय टाकलंस? म्हटलं, नासली होती.

मी पुढं पाच वर्षं तिथेच नोकरी केली. पगारही वाढला. मिस्टर कीथ नंतर इंग्लंडला परत गेले आणि तिथे भाषणं देऊ लागले, असं ऐकलं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी आजही बोलले नसते.

माझी मुलगी शेरिल दुबईतच शिकली, आणि इथेच एका परदेशी कंपनीत लागली. पहिली नोकरी. दुसऱ्या आठवड्यात ट्रेनिंगला मिळालेले कागद घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायला लागली. "मम्मा, लिसन, धिस इज सो फनी." तेच ते — हो म्हणजे नाही, हसला तर लपवतोय. माझा घास हातात राहिला. मग ती ओळ आली. तिच्यातून संत्री गेली होती, चिनी माणूसही गेला होता. आता नुसतं लिहिलं होतं, आशियाई सहकारी ऑफिसात खायला आणून वाटतात तेव्हा सावध राहा. त्यामागे बहुधा काहीतरी दडलेलं असतं. खाली कुणाचं नाव नव्हतं. जाणकार सहकाऱ्याची त्यांना आता गरज उरली नव्हती.

शेरिल हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटायला म्हणून तिच्या आजीनं वसईहून सुकेळी पाठवली होती. मीच संध्याकाळी तिच्या बॅगेशेजारी पाकिटं मांडून ठेवली होती. ती उठली. एकेक पाकीट उचललं आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं.

"आय डोन्ट वॉन्ट देम टू थिंक समथिंग," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. तिला लाज वाटत होती. आजीची.

लिनची मुलगीही तेव्हा एवढीच झाली असणार. आमच्या पोरींचं वय एकच होतं.

मी काय केलं? ताटं उचलली, टेबल पुसलं. "राहू दे," म्हटलं, "घरीच खाऊ."