न धुता पास केलेलं कापड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि वहिनीला तर — तिथंच तर सगळं अडलंय.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी कापडाच्या फिनिशिंगला आहे. ताणलं की वाढणारं होजिअरीचं कापड. मोठं लबाड असतं ते. मशीनवर दोन्ही काठ धरून, सावकाश सरकवत भरपूर उष्णता द्यायची, तेव्हा कुठं ते माप धरतं. घाई केली तर? वरून झकास दिसतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून तर एक तुकडा धुवून, वाळवून, मोजूनच माल पास करायचा. त्या दिवशी मी मशीन पळवलं. माल संध्याकाळच्या गाडीत चढवून साहेबांची शाबासकी हवी होती, दुसरं काय? तुकडा धुतला नाही. पास म्हणालो.

त्यातलाच उरलेला एक रोल मी वहिनीला आणून दिला. मोठ्या तोऱ्यात. औरंगपुऱ्यात तिचं शिवणाचं दुकान — स्वतःच्या हिमतीवर काढलेलं. एका शाळेतल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या ट्रॅकपँटची ऑर्डर तिला मिळाली होती. पहिलीच मोठी ऑर्डर.

पँटी एकदा धुवून मगच मुलींनी पहिल्यांदा घातल्या, आणि घोटे उघडे पडले. शाळेत बोलावून, सगळ्यांसमोर तिला विचारलं — पैसे पुऱ्या कापडाचे घेऊन कमी कापडात उरकलं का? शिवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही.

ती रडली नाही. घरी येऊन मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्हाला कापडातलं कळतं. इतकं आटलं असंल का ते?"

'व्हय' म्हणायला किती वेळ लागतो? मी — मी ताटात बघत म्हणालो, "कापड चोख होतं, वहिनी. कटिंगलाच चुकलं असंल."

तिनं लगेच मान्य केलं. माझ्यावर तेवढा विश्वास होता तिचा.

दुकान अजून आहे. पण वहिनी कात्री धरत नाही. साड्यांना फॉल लावते, पिको करते. कुणी ब्लाउज शिवायला आणला तर हसून परत पाठवते. माझ्या हाताला माप नाही, म्हणते. ते ऐकताना मला माझीच लाज वाटते.

परवा तिच्या लेकीच्या ड्रेसचं कापड तिनं माझ्याकडंच दिलं, दुसऱ्या शिंप्याकडं टाकायला. मी टाकून आलो. आणि त्या अनोळखी माणसाला बजावून सांगितलं — कापायच्या आधी एकदा धुवून घ्या.