आवळून घातलेला बूट

गोदामाच्या फाटकावरच्या त्या पहारेकऱ्याला सगळे लाथ्या म्हणत. बावीस वर्षांत त्याने लाथा घालून चोरांच्या तीन बरगड्या, एक जबडा आणि कितीतरी दारं मोडली होती. चोर सापडला की हात नाही, पायच. बूट एक नंबर लहान घातला तर पाय आत हलत नाही आणि लाथ दगडासारखी बसते, अशी पहारेकऱ्यांत समजूत होती. लाथ्याने ती इमानाने पाळली. उजव्या पायाची दोन बोटं मधल्या पेरात वाकून वर आली, बुटाच्या कातड्याला घासून त्यांवर कुरुपं झाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली. “अंगठ्याशेजारचं अजून हातानं सरळ होतंय. रुंद बूट घाला, वर मऊ गादी लावा, पट्टीनं बांधा, रोज ताणा. त्यापुढचं मात्र आखडलंय. हाड थोडं कापून तार घालावी लागेल. सहा आठवडे आराम.”

“आणि फाटकावर कोण, तुम्ही उभ्या राहणार?”

“राहीन. पण कुरुपाला ब्लेड लावू नका.”

घरी येऊन त्याने ब्लेडच लावलं.

“अहो, पाय आहे की भाजी?” बायको किंचाळली.

“तोंड बंद ठेव!” म्हणत त्याने रक्त फडक्याने दाबलं आणि पुन्हा तोच बूट आवळला.

पाचव्या दिवशी कुंपणापाशी तांब्याची तार पळवणारा एक जण सापडला. लाथ्याने सगळा जोर लावून लाथ घातली. चोर बाजूला सरला, बूट लोखंडी खांबावर आदळला. लाथ्या कोसळला. चोराने तारेचं वेटोळं त्याच्या तोंडावर हाणून दोन दात पाडले आणि त्याच दुखऱ्या पायावर टाच रोवून तो उभा राहिला.

“हाण की आता!”

दवाखान्यात बूट कापून काढावा लागला. आत पू झाला होता, आखडलेलं बोट काळंनिळं पडलं होतं.

“हे आता सरळ करण्यासारखं राहिलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काढावंच लागेल.”

“आणि शेजारचं?”

“लगेच बांधायला घेतलंत तर वाचेल.”

बोट काढल्यावर दुसऱ्या दिवशी परिचारिका शेजारचं बोट बांधायला पट्टी घेऊन आली. तिचा हात लागताच लाथ्याने शिवी हासडून पाय उगारला. बायकोने दोन्ही हातांनी त्याचा घोटा पकडला आणि पलंगावर दाबून धरला. तो गुरासारखा ओरडला, त्याने तिच्या मनगटावर बुक्के मारले.

“बांधा हो तुम्ही,” ती परिचारिकेला म्हणाली, आणि पट्टी बांधून होईपर्यंत तिने पकड सोडली नाही.