भाऊकीत आलेले नीतीचे सर

कानबाईचा रोट डब्यात घालून शाळेत नेणारी खानदेशातली पहिली मुलगी मीच असेन, आणि देवीच्या कृपेने शेवटचीही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, तिच्या नावाने रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात, आणि ते फक्त भाऊकीतल्यांनी खायचे असतात. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला पुरणपोळी द्या, खीर द्या, रोटाचा तुकडा द्यायचा नाही. हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत होतं. तरी मी नेला, कारण मी नववीत होते, दोन वेण्या घालत होते आणि नीतीच्या सरांनी माझ्या डोक्यात उजेड पाडला होता.

या सरांइतका धोकादायक माणूस मी पाहिला नाही. ते जे शिकवत ते स्वतः करत. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात बाकीचे गुरुजी सकाळी 'खरे बोलावे' शिकवत आणि दुपारी पोट बिघडल्याचा निरोप धाडून कापसाच्या वेचणीवर देखरेखीला जात. सर मात्र एकदा वर्गात येऊन म्हणाले, आज मला शिकवायचा कंटाळा आला आहे, आणि तास संपेपर्यंत खुर्चीवर गप्प बसून राहिले. मूळचे ते यावलकडचे. घरच्या केळीच्या बागा भावांवर सोडून आम्हाला शनिवारच्या शेवटच्या तासाला धर्म आणि नीती शिकवायला आलेले. विषयाला परीक्षा नव्हती, म्हणून गणिताचे सर तो तास मागायला दारात उभे राहत. आमचे सर त्यांना विचारत, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून मागून घेणं आणि हिसकावून घेणं, यात फरक किती? गणिताचे सर उंबरठ्यावर विचार करत राहत, तोवर घंटा होई. उपवासाचा धडा आला तेव्हा सरांनी एकादशी केली, पर्युषणात जैन शेजाऱ्यांबरोबर उकळलेल्या पाण्यावर दिवस काढले, रमजानात रोजे धरले. मग कमरेला सुतळी बांधून सावरलेल्या पँटमध्ये वर्गात आले आणि म्हणाले, "भूक सगळीकडे सारखीच लागते. उपास सोडताना शेजारी कोण बसलंय, तेवढा फरक." वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. पहिल्या बाकावर बसणारीने हसलंच पाहिजे, असा माझा समज होता.

कानबाई बसायच्या आदल्या दिवशीच सरांनी आम्हाला विचारलं होतं, जे वाटून खाता येत नाही त्याला प्रसाद म्हणावं का? आता माझी नात जळगावला असल्या प्रश्नांची उत्तरं रंगीत कागदावर चिकटवून शाळेत देते आणि श्रेणी घेऊन येते. मला कुणी कागद दिला नव्हता. मी कानबाईला निरोप दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांपुढे डबा उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, सर, वाटून खाऊ. आपल्या हातून काहीतरी थोर घडतंय अशी मान मी ताठ केली होती. आज ती मान आठवली की हसू येतं. सर पेचात पडले. खावा तर भाऊकीचा नियम मोडत होता. खायला नको म्हणावं तर शनिवारचं बोलणं खोटं पडत होतं. शेवटी बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही कुणी हात लावू नका, बोललो मी होतो, आणि एकट्याने रोट संपवला. कडक असतो तो. पाणी पीत पीत संपवला.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले की आता शाळा पुरे. काकूने लगेच नंदुरबारकडचं एक स्थळ आठवून काढलं. आई भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. मी तत्त्वासाठी अन्न सोडलं. ते तत्त्व दिवेलागणीपर्यंत टिकलं. पिठल्याचा वास आला आणि मी पाट मांडला. पण रात्री दप्तर फळीवर गेलेलं पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा खरं भय वाटलं.

दोन दिवस मी वर्गात दिसले नाही, तेव्हा सर सायकलवरून आले. मी दाराआड होते. ते वाद घालतील, समतेवर बोलतील, अशी माझी आशा होती. ते ओट्यावर आबांच्या शेजारी नुसते मांडी घालून बसले.

"मास्तर, रोट भाऊकीना बाहेर गया," आबा म्हणाले.

"गेला, आबा. पोरीने दिला, पण खाल्ला मी. तो आता परत आणता येत नाही. मग मलाच आत घ्या."

आबांनी तंबाखू मळायला घेतली. "भाऊबंद म्हंजे नुसतं खानं नही. सुतक पाळनं पडी."

"पाळीन."

"बांधवर भांडनं बी पडी."

"मला बांध नाही आबा, पण भांडायचं शिकून घेईन."

आबांच्या मिशा हलल्या. आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितला, आणि पुढे म्हणाले, "आनी पोरले सांगा, उद्या शाळामा जावानं शे."

तेव्हापासून सर दर श्रावणात पुनवेच्या आत रोट खायला येत. येताना सायकलला केळीची फणी लटकवलेली असे. नारळावर कानबाईचे डोळे कुणी रेखले, नथ कुणी दिली, असं बायकांना खोदून खोदून विचारत. काकू म्हणायची, हा मास्तर देवीलेबी परीक्षेले बसाडी. पण पंगतीत त्यांचं पान ती आपल्या दिरांच्या ओळीतच मांडायची.

आबा गेले ते थंडीच्या दिवसांत. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होते आणि देव नसल्याचं मला पहिल्याच सहामाहीत समजलं होतं. दहाव्याला नदीवर गेले, तर भाऊकीच्या रांगेत, माझ्या धाकट्या काकांच्या शेजारी, सर न्हाव्यापुढे मान वाकवून बसले होते. सगळं आटोपल्यावर ते काठावर एकटे उभे होते. उघड्या डोक्याला वारा झोंबत होता, आणि ते इतके लहान दिसत होते की मी जवळ गेले. कॉलेजची ऐट तरीही सुटेना. म्हटलं, सर, देवी आहे की नाही हे अजून तुमचंच ठरलेलं नाही, मग हे कशासाठी?

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"देवीचं मला अजून कळलं नाही गं. पण आबांनी मला आत घेतलं, तेव्हा त्यांनी कुठे विचारलं होतं, देवीला मानतोस का म्हणून?"