पाठीमागे वाजवलेलं ताट

रविवार, १२ जानेवारी १९८६. बोरिवली, आमच्या बिल्डिंगचा तळमजला. हजर: घरच्या आजी, त्यांची सून, सुनेची अडीच वर्षांची मुलगी, तान्ह्या बाळांच्या तीन आया आणि मी.

बुधवारी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात ट्रिपल लशीचे डोस होते. सगळ्यांना एकत्र न्यायचं मी ठरवलं होतं आणि बाळांची कार्डं गोळा करत होते. आजींनी माझा हात अडवला.

"त्या सुईनंच आमच्या पोरीची वाचा गेली. आधी 'बाबा' म्हणायची. दोन दिवस ताप आला आणि संपलं."

हे 'बाबा' आजींखेरीज कुणी ऐकलं नव्हतं, खुद्द बाबानेही नाही. पण तिन्ही आयांनी कार्डं परत मागून घेतली. त्यांतली एक बी.एस्सी. झालेली.

"तिचे कान तपासलेत?" मी विचारलं.

"कान ठणठणीत आहेत. बघ!"

मुलीला फरशीवर बसवलं. आजींनी तिच्या मागे जाऊन स्टीलचं ताट जमिनीवर दाणकन आपटलं. मुलीने वळून पाहिलं. आयांनी चक्क टाळ्या वाजवल्या. झाली तपासणी!

फरशीचा हादरा लागू नये म्हणून मी मुलीला उचलून कॉटवरच्या जाड गादीवर बसवलं. "आता हातात धरून वाजवा. आपटायचं नाही."

आजींनी डावाने ताट बडवलं. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय चाललंय गं?" मुलगी माझ्या पदराची किनार बोटाने चाचपत बसली होती.

"आता खेळात आहे ती," आजी म्हणाल्या.

सून मात्र पांढरीफटक पडली. "ताई, कान कुठे तपासतात?"

मी मोठ्या हॉस्पिटलच्या कानाच्या विभागाचे वार लिहून दिले. चिठ्ठी आजींनी घेतली.

"बहिरी म्हणून शिक्का बसला तर उद्या कोण करेल तिला? आणि विचारतील ना, कुणाच्या घराण्यातून आलं म्हणून. सुईचं आहे म्हटलं की कुणाच्या घराण्याचं नाव येत नाही."

म्हणजे बाईंना सगळं कळत होतं. मला कीव यायला हवी होती, किळस आली.

बुधवारी दोघी बाळांना घेऊन आल्या. बी.एस्सी.वाली आली नाही. शुक्रवारी कानाच्या विभागाचा वार होता; सून मुलीला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली. आतून हाक आली, तशी चपला फरफटत परत गेली. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः दार वाजवलं, आजींनी ते अर्धंच उघडलं. मुलीचे कान तपासायचे राहिले आहेत.