आबांनी गाडी इन्स्पेक्शनला तयार केली

अपघात झालेली गाडी धुवायची नसते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

वडूजबाहेर मी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. उभ्या ट्रॉलीला! (चालती असती तर निदान निम्मा दोष तिच्यावर ढकलता आला असता.) बॉनेट दुमडलं, बंपर लोंबायला लागला. गॅरेजचा मिस्त्री गाडीखाली शिरून बघून आला.

"मॅडम, चासी वाकलीया, खालचा सांगाडाच. गाडी लय डावीकडं ओढतीया. असल्या गाडीनं घाट उतरला तर थेट दरीतच! पन इम्याचा सर्वेअर येऊन बघस्तवर कुनी हात लावायचा न्हाई. त्यांनी बघितलं तरच क्लेम पास हुतोय."

मला रोज त्याच घाटातून साताऱ्याला नोकरीला जायचं असतं.

सर्वेअर यायचा त्या दिवशी मला पोचायला उशीर होणार होता, म्हणून सासऱ्यांना गॅरेजवर बसवलं. आबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. "आबा, साहेब इन्स्पेक्शनला येणारेत, गाडीजवळ थांबा," एवढंच मी म्हणाले. कुठून बुद्धी झाली मला!

फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे साहेब यायच्या आत सगळं चकाचक, हे फौजीच्या सुनेनं विसरावं? मिस्त्री जेवायला गेला आणि आबांनी हातोडा उचलला. बॉनेट ठोकून सरळ केलं, बंपर तारेनं आवळला, गाडी धुऊन पॉलिश केली. वर गाडीभोवती दगड मांडून त्यांना गेरू-चुना!

मी पोचले तेव्हा मिस्त्री कपाळाला हात लावून बसला होता. "आवं आबा, काय केलं ह्ये!"

"काय केलं म्हंजी? सायबाम्होरं तसलं ध्यान उभं करायचं व्हय रं?"

तेवढ्यात सर्वेअर साहेब आलेच. "वा! छान ठेवलीय की गाडी. एक दिवा फुटलाय, तेवढा बदलून घ्या."

आबांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"अहो साहेब, चासी वाकलीय!" मी रडकुंडीला आले. "खाली वाकून बघा तरी! घाटात मरेन हो मी!"

साहेबांनी स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र पँटीकडे बघितलं. "तसं काही वाटत नाही, मॅडम."

"बसा शेजारी!" माझं डोकंच फिरलं. गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि "हे बघा!" म्हणत स्टेअरिंगवरचे दोन्ही हात वर केले. गाडी इमानदारीत डावीकडे वळली. डावीकडे एकच गाडी उभी होती. साहेबांची. कोरी करकरीत!

धाड!

"ब्रेक... ब्रेक होता ना?" साहेबांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून विचारलं.

"होता हो! पण हात वर केले तसे पायपण वर गेले!"

मग मात्र साहेब पांढऱ्या पँटीसकट गाडीखाली शिरले. चासीसकट सगळं पास झालं.

आता गाडी सुतासारखी सरळ चालते. परवा साताऱ्याला निघताना म्हटलं, "आबा, चला की, तुमचंही साताऱ्यात काम आहे ना?"

"गाडी एकदम सेफ हाय, सूनबाई," आबा चप्पल घालत म्हणाले. "तू हो म्होरं. मी येष्टीनं येतो."

सगळी नोकरी सीमेवर काढलेला माणूस हो हा!